मुंबईतली खोली की शहापूर-मुरबाडचे घर?



आपल्या वस्त्यांमधून सध्या एका प्रश्नाची घरोघर चर्चा चालू आहे. कुर्ला, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी या भागांत दोन-तीन पिढ्या काढलेली कुटुंबे मुंबईबाहेर घर शोधू लागली आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे झाली, थोरल्याचे लग्न ठरले, आता सून झोपणार कुठे? कुणाची वस्ती पुनर्विकासात गेली आणि भाड्याचा धनादेश वेळेवर येईना. कुणाचा घरमालक दर अकरा महिन्यांनी हजार-दीड हजार वाढवून मागतो. अशा वेळी लोकलच्या डब्यात चिकटवलेली चिठ्ठी नेमकी डोळ्यांसमोर येते : स्टेशनपासून पाच मिनिटे, वन रूम किचन, कर्जाची सोय. पूर्वी ही चिठ्ठी डोंबिवलीची असे. मग ती बदलापूर-टिटवाळ्याची झाली. आता तिच्यावर वासिंद, आसनगाव, शहापूर, मुरबाड ही नावे दिसतात. (ती पाच मिनिटे कोणत्या वाहनाने मोजली, हे चिठ्ठीवर कधीच लिहिलेले नसते. असो.)

प्रस्तुत लेखक पेशाने कारकून आहे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, कर्जाचा अर्ज असली कागदपत्रे भरून देण्याच्या निमित्ताने अशी बरीच कुटुंबे माझ्याकडे येतात आणि अर्ज भरून झाला की हळूच विचारतात, "दादा, जावं का तिकडं?" विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढेच हवे असते. मी मात्र आधी उलट विचारतो, "घर तिकडे नेणार, पण नोकरी कुठे राहणार?" घराचा भाव, हवा, पाणी, शाळा या सर्व गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, परंतु त्या या प्रश्नाच्या मागून येतात.

कल्याणच्या पुढची दोन गावे

शहापूर आणि मुरबाड ही दोन्ही ठाणे जिल्ह्यातील तालुक्याची ठिकाणे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांत सर्वांत ग्रामीण म्हणावेत ते हेच दोन. दोन्हीकडे नगरपंचायत, तहसील कचेरी, पंचायत समिती, एसटीचे आगार आणि बाजारपेठ आहे. गाव म्हणावे तर मोठे, शहर म्हणावे तर लहान. मुंबईच्या माणसाला ही दोन्ही नावे 'कल्याणच्या पुढे' एवढीच ठाऊक असतात, आणि फसगत तिथूनच सुरू होते.

शहापूर मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. त्याचे स्टेशन आसनगाव, गावापासून तीनेक किलोमीटरवर. कसाऱ्याची लोकल तिथे थांबते, म्हणजे एका गाडीत बसून दादरला उतरता येते. मुरबाडला रेल्वेच नाही. ते कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कल्याणपासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या पाहणीच्या, मंजुरीच्या, निधीच्या बातम्या आमच्या पिढीने इतक्या वेळा वाचल्या आहेत की त्या पाठ झाल्या. गाडी मात्र अजून आलेली नाही. तेव्हा मुरबाडला घर आणि मुंबईत नोकरी म्हणजे आधी एसटी किंवा खचाखच भरलेली जीप, मग कल्याण, मग लोकल. ज्याचे काम मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, तालुक्यातल्या शाळेत किंवा कचेरीत, फार तर कल्याण-उल्हासनगरात आहे, त्यानेच मुरबाडचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 'रेल्वे येणार आहे' या भरवशावर घर घेऊ नये. रेल्वे येईल तेव्हा भाव वाढेल हे खरे, पण तोवर आपले गुडघे जातील.

तासाचा भाव

आता कारकुनी हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत.

समजा, चेंबूरच्या खोलीचे भाडे महिना बारा हजार आहे आणि शहापूरला तेवढ्याच सोयीच्या दोन खोल्या पाच हजारांत मिळतात. सात हजार वाचले. त्यातून स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि बाहेरचे चहा-नाश्त्याचे एक हजार वजा करा. राहिले सहा हजार. आसनगाव ते मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ८५ किलोमीटर आहे आणि लोकलला दोन तासांच्या आसपास लागतात. घरापासून स्टेशन, गाडीची वाट, उतरल्यावर कामाच्या ठिकाणापर्यंतची पायपीट धरली तर जाऊन-येऊन पाच तास. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस. म्हणजे १२५ तास. आठ तासांची एक पाळी धरली तर या साडेपंधरा पाळ्या झाल्या, ज्यांचा पगार कुणी देत नाही. वाचलेले सहा हजार भागिले १२५ केले की येतात ४८ रुपये. आपण आपली झोप, मुलांचा अभ्यास घेण्याची वेळ आणि संध्याकाळची विहारातली वंदना तासाला ४८ रुपये भावाने विकत आहोत. मुंबईत तुम्हाला जेमतेम अर्धा तास लागत असेल तर हा सौदा वाईट आहे. आत्ताच दोन-दोन तास लागत असतील तर मात्र फरक थोडा आहे, आणि मग मोठ्या घराचे पारडे जड होऊ शकते.

हाच हिशेब नोकरी तालुक्यात असेल तर उलटा होतो. आपल्या समाजातील अनेक जण शिक्षक, परिचारिका, तलाठी, एसटीचे कर्मचारी आहेत. बदलीचा हुकूम हातात पडला की त्यांच्या घरी सुतक पडल्यासारखे होते, कारण घरभाडे भत्ता खाली येतो. केंद्र सरकारच्या नियमाने जानेवारी २०२४ पासून हा भत्ता मुंबईसारख्या 'एक्स' वर्गाच्या शहरात मूळ पगाराच्या ३० टक्के आणि 'झेड' वर्गाच्या गावी १० टक्के झाला. मूळ पगार तीस हजार धरला तर नऊ हजारांचे तीन हजार झाले. महिन्याला सहा हजारांचा खड्डा दिसतो खरा. परंतु कचेरी चालत दहा मिनिटांवर आली, भाडे निम्म्याहून खाली आले, दुपारचे जेवण घरी होऊ लागले, ही जमेची बाजू पगारपत्रकावर छापलेली नसते. माझ्या माहितीतल्या एका परिचारिकेने शहापूरला बदली झाल्यावर वर्षभर रोज कल्याणहून ये-जा केली. शेवटी बिऱ्हाड हलवले. आता मुलाची दहावी ती स्वतः घेत आहे. परत मुंबईकडे बदली मागण्याचा अर्ज तिने माझ्याकडून लिहून घेतला होता. तो अद्याप तिच्या पर्समध्ये आहे.

एका मार्गावरचा भरवसा

मुंबईत एक रस्ता बंद झाला तर दुसरा असतो. मध्य रेल्वे थांबली तर हार्बर आहे, तीही थांबली तर बेस्ट आहे. कल्याणच्या पुढे तसे नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी वासिंद आणि आसनगावच्या दरम्यान नागपूर-मुंबई दुरांतो रुळांवरून घसरली आणि पलीकडच्या चाकरमान्यांचे पुढचे काही दिवस महामार्गावर हात दाखवून वाहने थांबवण्यात गेले. जुलै २०२१ च्या पावसात उंबरमाळी-कसारा भागात रुळांखालची खडी वाहून गेली. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचे काम कित्येक वर्षे चालले आहे.

टाळेबंदीने तर पुरा धडा दिला. मार्च २०२० मध्ये लोकल सामान्य माणसाला बंद झाली. महिलांना ठरावीक वेळेत ऑक्टोबर २०२० मध्ये, आणि सर्वांना ठरावीक वेळेत १ फेब्रुवारी २०२१ पासून प्रवेश मिळाला. त्या दहा महिन्यांत खासगी दुकानांत, छोट्या कंपन्यांत काम करणाऱ्या वासिंद-आसनगावच्या किती जणांच्या नोकऱ्या केवळ पोहोचता आले नाही म्हणून गेल्या, याची नोंद कुठल्याही दप्तरात नसेल. मुरबाडवर पुढची पाळी आली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कामगारांचे गाऱ्हाणे खरे होते आणि आपली सहानुभूती त्यांच्याच बाजूला होती. पण ज्या मुलींची शाळा-कॉलेज एसटीच्या पासावर चालते त्यांचे ते वर्ष जीपवाल्याच्या हाती गेले. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याचा फायदा मुरबाडसारख्या ठिकाणी सर्वांत अधिक जाणवतो. मुंबईतल्या भगिनीला ही सवलत कागदावरची वाटेल. धसई-टोकावड्याच्या भगिनीला विचारून पाहावे.

घरच्या लक्ष्मीची कमाई

घर हलवण्याचा विचार करताना आपण पुरुषाची नोकरी मोजतो आणि बाईचे काम मोजायचे विसरतो. विक्रोळीचे एक कुटुंब तीन वर्षांपूर्वी वासिंदजवळ गेले. नवरा ठाण्यात एका गोदामात आहे, त्याला लोकल सोयीची पडली. त्याच्या बायकोकडे विक्रोळीला चार घरचा स्वयंपाक होता. पाच मिनिटांवर सोसायटी, सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन तास, आणि महिन्याकाठी त्याच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त रक्कम. वासिंदला गेल्यावर ते काम सुटले. नव्या गावात स्वयंपाकाला बाई ठेवणारी घरे थोडी, आणि ती ओळखीच्या बाईलाच ठेवतात. भाड्यात वाचले त्यापेक्षा कमाईत अधिक गेले. सहा महिन्यांनी ती पुन्हा जुनी दोन घरे धरून पहाटेच्या गाडीने विक्रोळीला जाऊ लागली. साडेतीनला उठते, पाणी भरते, दोन डबे भरते. तिला मी विचारले, "ताई, घर तर छान आहे ना?" ती म्हणाली, "छान आहे हो. दिवसा उजेडात बघायला मिळतं रविवारी."

याच घरात सासूबाईंचा एक वेगळा प्रश्न उभा राहिला. चाळीत दारे दिवसभर उघडी. म्हातारीला चक्कर आली तर चार सुना धावत. नव्या इमारतीत दार लोटले की आत कोण आहे कुणाला ठाऊक नसते. याला उपाय नाही असे नाही. त्या इमारतीतल्या पाच-सहा घरांनी आता दुपारी एकमेकांच्या म्हाताऱ्या माणसांकडे डोकावण्याची पाळी लावली आहे. पण चाळीत जे आपोआप होते ते इथे ठरवून करावे लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींत ऊन-वारा मिळत नाही आणि तिथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ज्या घरात एकदा हा रोग येऊन गेला, त्या घराला शहापूरच्या दोन खिडक्यांची किंमत हिशेबाच्या वहीत मांडता येणार नाही. तेथे मी तासाच्या भावाची गोष्ट काढत नाही.

धरण उशाला

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घर दाखवणारा माणूस हमखास पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर नेतो. तेव्हा चहूकडे हिरवेगार असते, माहुलीचा किल्ला ढगांत असतो आणि नळाला पाणी असते.

मुंबईला पाणी देणारे सात जलाशय आहेत. त्यांपैकी भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात येतात. तानसा १८९२ सालचा आहे. सातही जलाशयांची साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी, म्हणजे ७ लाख १७ हजार, एकट्या भातशाची. आपण कुर्ल्याला नळ सोडतो तेव्हा शहापूरचे पाणी पितो. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक गावांना, पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. जमिनी गेल्या त्यांच्या, पाणी गेले आपल्याकडे. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण आहे, ते औद्योगिक विकास महामंडळाचे. त्याचेही पाणी कारखान्यांना आणि खालच्या शहरांना जाते. शहापूरसाठी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याच्या योजनेची अनेक वर्षे वाट पाहिली जात आहे.

खुद्द शहापूर-मुरबाड गावांत नळयोजना आहेत आणि पाड्यांसारखी दैना तिथे नाही. परंतु नव्या इमारती गावठाणाबाहेर, माळावर उभ्या राहतात, आणि तिथे बहुधा बोअरवेल असते. एप्रिल उजाडला की बोअर आटते, टँकर येतो आणि टँकरचे पैसे देखभाल खर्चात घुसतात. म्हणून घर मे महिन्यात पाहावे. जिन्यात बसलेल्या कुठल्याही बाईला विचारावे, "ताई, पाणी किती वाजता येतं?" बांधकाम व्यावसायिकापेक्षा ती खरे सांगेल.

गाव सोडलेल्यांची नातवंडे

आपल्या समाजासाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, जो इतरांच्या हिशेबात येत नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी भारतीय खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना रोखठोक उत्तर दिले होते. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे असे सांगून, मसुद्याने गावाला बाजूला सारून व्यक्तीला घटक मानले याचा आपल्याला आनंद वाटतो असे ते म्हणाले. हे पुस्तकी मत नव्हते. स्वतः बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षे राहिले. 'राजगृह' फार नंतरचे. आपले आजे-पणजे गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत आले ते पोटासाठी, तसेच गावकीच्या कामातून सुटण्यासाठी. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघाले आणि नोकरी करून शिकण्याची वाट आपल्यासाठी मोकळी झाली. हे शहरानेच शक्य केले. दूरच्या तालुक्यात पाच तास प्रवास करणाऱ्या मुलाला नोकरी करून शिकता येईल का, याचाही विचार व्हावा.

मग आता आपणच पुन्हा लहान गावाकडे वळायचे का? काही वडीलधारी मंडळी या नुसत्या कल्पनेनेच संतापतात. १९८२ च्या संपात ज्यांच्या गिरण्या गेल्या त्यांना व त्यांच्या वारसांना मुंबईबाहेर शेलू-वांगणीकडे घरे देण्याची योजना पुढे आली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आझाद मैदानावर उतरले ते याच भावनेने. ज्या शहराला घाम दिला त्या शहरातच घर द्या, ही मागणी न्यायाची आहे, आणि तिला माझा पाठिंबा आहे. स्वखुशीने जाणे वेगळे, ढकलून देणे वेगळे.

परंतु शहापूर म्हणजे १९४८ चे खेडे नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. तिथे आपली जुनी वस्ती आहे, विहारे आहेत, १४ एप्रिलची मिरवणूक आहे. उलट शहरात आपण अगदी सुरक्षित होतो असेही नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपले दहा जण गेले, ते शहरातच. फरक आहे तो ओळखीचा. मुंबईत शेजारच्या इमारतीतल्या माणसाला तुमचे आडनाव ठाऊक नसते. लहान गावात दुकानदार पहिल्या महिन्यातच विचारतो, "मूळ गाव कुठलं? तिथं कोणत्या आळीत घर?" एवढ्यावर त्याला हवे ते कळते. नंतर काहींचे वागणे तसेच राहते, काहींचे किंचित बदलते. भाड्याची खोली 'आत्ताच दिली' असे उत्तर येते. मुंबईतही 'आमच्याकडे मांसाहार चालत नाही' म्हणून हेच सांगतात, पण तिथे पुढची गल्ली असते. तालुक्याला गल्ल्या मोजक्या.

अन्याय झालाच तर काय, हेही पाहून ठेवावे. अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार द्यायची वेळ आली तर मुंबईत संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यावर दोनशे माणसे जमतात. लहान गावात साक्षीदार आरोपीच्याच दुकानात उधारी करतो. स्मशानभूमी सर्वांची एक आहे का, हाही प्रश्न घर घेण्याआधीच स्थानिक बांधवांना विचारावा. ऐकायला कठोर वाटला तरी.

याच ओळखीची एक जमेची बाजू मात्र मी स्वतः कार्यकर्ता म्हणून अनुभवली आहे. मुंबईच्या विभाग कार्यालयात आपण अर्ज क्रमांक असतो. तालुक्यात तहसीलदाराच्या दारात उभे राहता येते, गटविकास अधिकारी चेहऱ्याने ओळखतो, आणि नगरपंचायतीचा प्रभाग इतका लहान असतो की पन्नास घरे एकत्र आली तर उमेदवाराला त्यांच्या ओट्यावर येऊन बसावे लागते. गटाराची तक्रार मुंबईत तीन वर्षे चालते, इथे तीन आठवडे. संघटित राहणाऱ्याला लहान गाव बळ देते. एकटे घर घेऊन लांब माळावर जाणाऱ्याला ते देत नाही. म्हणून मी सांगतो की जायचे तर ओळखीची पाच-दहा कुटुंबे मिळून जा, आणि जाण्याआधी तिथल्या विहारात दोन रविवार बसून या. तिथल्या लोकांना 'मुंबईकर आले, आता आम्हाला शिकवणार' असे वाटू नये, ही काळजी आपण घ्यायची.

शाळा, दवाखाना आणि कागद

शाळांबद्दल फार चिंता नको. बारावीपर्यंत सोय आहे, पुढे शहापूरला सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाडजवळ शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे. विशेष अभ्यासक्रम किंवा स्पर्धा परीक्षेचे चांगले मार्गदर्शन हवे असेल तर कल्याण-ठाण्याची वारी चुकत नाही.

दवाखान्याची चिंता करावी. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. बाळंतपण, ताप, विंचू-साप यांसाठी माणूस आधी तिथेच जातो. हृदयविकार, मेंदूचा आजार, मोठा अपघात झाला की रुग्णाला कल्याण, उल्हासनगर किंवा ठाण्याकडे न्यावे लागते, आणि पावसाळ्याच्या रात्री तो रस्ता फार लांब असतो. घरात हृदयाचा रुग्ण असेल किंवा कुणाचे डायलिसिस चालू असेल तर स्वस्त घराचा मोह आवरावा, असे मी हात जोडून सांगतो.

आता कागदांविषयी. घराऐवजी प्लॉट घेण्याकडे अलीकडे आपल्या लोकांचा ओढा आहे. निवृत्तीचे पैसे हातात आले की कुणीतरी गुंठा-दोन गुंठे दाखवतो. शहापूर-मुरबाड भागात आदिवासींच्या जमिनी मोठ्या प्रमाणात आहेत, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या व शासनाच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. वारली, कातकरी, ठाकूर बांधवांची जमीन चोरवाटेने घेणे कायद्याने गुन्ह्याच्या दारात नेते, आणि ज्यांनी स्वतः भूमिहीनता भोगली त्यांना ते शोभतही नाही. शेतजमीन असेल तर ती शेतकऱ्यालाच घेता येते. प्लॉट बिगरशेती झाला आहे का, सात-बाऱ्यावर नाव कुणाचे, इमारत असेल तर महारेराचा क्रमांक आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे. नोटरीच्या शंभर-पाचशेच्या कागदावर घर आपले होत नाही. आपल्याच वस्तीतील एका निवृत्त सफाई कामगाराचे चार लाख अशा नोटरीच्या कागदावर गेले. तो कागद त्यांनी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखतच खरे.

आणखी एक, जे पुष्कळांना ठाऊक नसते. पत्ता बदलला म्हणून मुलांचा जातीचा दाखला शहापूरला मिळतो असे नाही. आपल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी पूर्वज जिथे राहत होते त्या ठिकाणचा पुरावा लागतो आणि दाखला तिकडूनच निघतो. तेव्हा सामान बांधताना आजोबांच्या शाळेचा दाखला, जुना सात-बारा, जन्मनोंदीचा उतारा ही पिशवी ट्रकमध्ये टाकू नका, हातात ठेवा. रेशनकार्डाचे आणि मतदारयादीचे काम मात्र पहिल्या महिन्यातच उरकून घ्यावे.

ज्यांनी जवळजवळ ठरवलेच आहे त्यांना एवढेच सुचवतो की टोकन देण्यापूर्वी एक रविवार रात्र तिकडे मुक्काम करा आणि सोमवारी पहाटे आसनगावच्या फलाटावर, किंवा मुरबाडचा विचार असेल तर तिथल्या एसटी स्थानकात, जाऊन उभे राहा. घरातल्या बाईलाही बरोबर न्या. आपल्या वस्त्यांतून गेलेली माणसे तिथे डबा घेऊन उभी असतात. बाकीचे तीच सांगतील.